कोडिंग शिकायला जाण्याआधी काय ठरवायचं? १९४६च्या एका उन्हाळी वर्गाचा इतिहास

नेट-सेट झाली, पेटचा निकाल यायचाय, हातात दोन-तीन महिने आहेत. अशा वेळी संशोधनाच्या तयारीला लागलेल्या बऱ्याच जणांचा एकच बेत असतो: तोवर एखादा कोडिंग बूटकॅम्प करून टाकू. मग शोधाशोध सुरू होते. पायथन की आर? ऑनलाइन की प्रत्यक्ष? फी किती, सर्टिफिकेट मिळतं का? या सगळ्याच्या आधीचा प्रश्न मात्र राहून जातो: मला तिथून नेमकं काय घेऊन यायचंय?

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे समजून घ्यायला थोडा इतिहास उपयोगी पडतो. थोड्या आठवड्यांत कॉम्प्युटरचं ज्ञान भराभर देणारे वर्ग जवळपास कॉम्प्युटरइतकेच जुने आहेत. त्यांत कोण काय ठरवून आलं आणि काय घेऊन गेलं, याच्या बऱ्यापैकी नोंदीही आहेत.

फिलाडेल्फिया, जुलै १९४६

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये तयार झालेला एनिअॅक हा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर फेब्रुवारी १९४६मध्ये जगासमोर आला. त्याच्या पुढच्या यंत्राचा, म्हणजे एडव्हॅकचा, आराखडा तोवर सुरू झाला होता. आकडे आणि सूचना दोन्ही यंत्राच्या एकाच स्मृतीत ठेवायच्या, ही त्यातली मुख्य कल्पना. हे ज्ञान मोजक्या लोकांच्या डोक्यात होतं. ते पसरावं म्हणून अमेरिकी लष्कर आणि नौदलाच्या पैशातून एक उन्हाळी वर्ग भरला. ८ जुलै ते ३१ ऑगस्ट १९४६, म्हणजे आठ आठवडे. विद्यार्थी निवडक, २८च्या आसपास, वेगवेगळ्या संस्थांनी पाठवलेले. क्लॉड शॅननही त्यांत होते. शिकवणाऱ्यांत एकर्ट आणि मॉक्ली हे एनिअॅकचे मूळ कर्ते होते.

केंब्रिज विद्यापीठाच्या गणिती प्रयोगशाळेचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनाही बोलावणं होतं. पण युद्ध नुकतंच संपलेलं, जहाजात जागा मिळेना. ते पोहोचले तेव्हा वर्गाचे जेमतेम दोन आठवडे उरले होते. म्हणजे आजच्या भाषेत यांची हजेरी पंचवीस टक्के!

तरीही परतीच्या जहाजातच त्यांनी स्वतःच्या यंत्राचा आराखडा मांडायला घेतला. त्यातून तयार झालेल्या एडसॅकने ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्रॅम चालवला: वर्गसंख्यांचा एक तक्ता. सूचना स्मृतीत साठवणारं पहिलं यंत्र हे नव्हे. तो मान मँचेस्टरच्या छोट्या प्रायोगिक यंत्राचा, जून १९४८चा. पण इतर संशोधकांना रोजच्या कामाला वापरता येईल असं या प्रकारचं पहिलं पूर्ण यंत्र म्हणून एडसॅकचंच नाव घेतलं जातं. आणि ज्या एडव्हॅकवर तो वर्ग आधारला होता, ते यंत्र कामाला लागायला १९५१ उजाडलं.

दोन आठवड्यांत हे जमलं कसं?

पहिलं कारण म्हणजे पूर्वतयारी. मे १९४६मध्ये विल्क्स यांच्या हाती एडव्हॅकवरचा जॉन फॉन नॉयमन यांचा अहवाल एका रात्रीपुरता आला होता. झेरॉक्स मशीन नव्हतंच, त्यामुळे रात्री जागून तो वाचून काढला. वर्गात पाऊल ठेवण्याआधी मुख्य कल्पना त्यांना माहीत होती. तिथे जाऊन तपशील विचारायचे होते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. विल्क्स यांनी आपलं उद्दिष्ट मुद्दाम लहान ठेवलं. जगातलं सर्वांत वेगवान यंत्र त्यांना बनवायचं नव्हतं. आपल्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना लवकरात लवकर वापरता येईल असं, चालणारं यंत्र हवं होतं. मग निर्णय सोपे झाले. दर सेकंदाला दहा लाख स्पंदांचा वेग गाठायच्या मागे लागण्याऐवजी त्यांनी पाच लाखांवर समाधान मानलं. स्मृतीसाठी पाऱ्याने भरलेल्या नळ्या वापरल्या, कारण त्या तंत्राची माहिती हाताशी होती. जिथे खात्रीचं तंत्र उपलब्ध होतं तिथे नवा प्रयोग टाळला.

अर्थात इतिहासात एकाच कारणावर सगळा भार टाकू नये. विल्क्स प्रयोगशाळेचे प्रमुख होते, पैसा आणि माणसं त्यांच्या हाती होती. उलट एडव्हॅकचे मुख्य कर्ते पेटंटच्या वादातून मूर स्कूल सोडून गेले होते. पण आपल्या हातात जे असतं ते म्हणजे उद्दिष्टाचा आकार, आणि या गोष्टीत त्याचा परिणाम स्पष्ट दिसतो.

अपेक्षा कशाची ठेवायची? चुकांची!

एडसॅक चालू झाल्यावर काही आठवड्यांतच विल्क्स यांनी पहिला जरा अवघड प्रोग्रॅम लिहायला घेतला. एअरीचं अवकल समीकरण सोडवायचं होतं. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून यंत्राला द्यावा लागे. तेव्हाच एकदा जिन्यात त्यांच्या लक्षात आलं की आयुष्याचा बराचसा उरलेला काळ स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. पुढे आत्मचरित्रात त्यांनी हे लिहून ठेवलं.

याच प्रोग्रॅमची एक जुनी पट्टी नंतर इतिहासकार मार्टिन कॅम्पबेल-केली यांनी तपासली. १२६ ओळींच्या त्या प्रोग्रॅममध्ये सुमारे २० चुका निघाल्या. म्हणजे यंत्र ज्याने उभं केलं, त्या माणसाचा साधारण दर सहा ओळींमागे एक चूक असा हिशोब.

हे उदाहरण बूटकॅम्पच्या पहिल्या आठवड्यासाठी लक्षात ठेवा. स्क्रीनवर लाल अक्षरं दिसली की आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं, ‘हे आपलं काम नाही, आपण केमिस्ट्रीवाले.’ पण चुका निघणं हे या कामाचं रोजचं स्वरूपच आहे. त्यामुळे ‘मी न चुकता कोड लिहीन’ ही अपेक्षा पहिल्या दिवशीच मोडते. ‘चूक कुठे आहे हे मला स्वतःला शोधता येईल’ ही अपेक्षा धरली तर तिच्याकडे रोज थोडं सरकता येतं.

केंब्रिजच्या लोकांनी या अडचणीवर उपायही काढला. एकदा तपासलेले छोटे प्रोग्रॅम जपून ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा वापरायचे. अशा सबरूटीनचा संग्रह उभा करण्यात मोठा वाटा डेव्हिड व्हीलर यांचा, आणि ते तेव्हा पीएचडीचे विद्यार्थी होते. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी १९५१मध्ये यावर पुस्तक लिहिलं. प्रोग्रॅमिंगवरच्या अगदी सुरुवातीच्या पाठ्यपुस्तकांत ते मोडतं.

स्वतःचा प्रश्न घेऊन आलेला माणूस

एडसॅक वापरणाऱ्यांत जॉन केंड्र्यू नावाचे जैवरसायनशास्त्रज्ञ होते. मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना त्यांना क्ष-किरणांच्या मदतीने शोधायची होती. त्यासाठी फूरिये बेरजांची प्रचंड आकडेमोड लागे आणि ती हाताने करण्यात दिवसच्या दिवस जात. केंड्र्यू यांना कॉम्प्युटरतज्ज्ञ व्हायचं नव्हतं, त्यांना त्या बेरजा हव्या होत्या. जॉन बेनेट यांच्यासोबत त्यांनी एडसॅकवर हे गणित बसवलं आणि १९५२मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. १९५८मध्ये मायोग्लोबिनचं पहिलं ढोबळ प्रतिरूप प्रसिद्ध झालं, आणि १९६२मध्ये केंड्र्यू यांना मॅक्स पेरुट्झ यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

विज्ञान शाखेतून येणाऱ्यांना हे उदाहरण जवळचं वाटावं. ‘प्रोग्रॅमिंग येणं’ हे उद्दिष्ट फार मोठं आणि धूसर आहे, ते पूर्ण कधी झालं हेच कळत नाही. ‘ही बेरीज मशीनवर करायची’ हे उद्दिष्ट पूर्ण झालं की लगेच कळतं.

आणि उद्दिष्टच बदललं तर?

केंब्रिजने १९५०पासून प्रोग्रॅमिंगचे उन्हाळी वर्ग सुरू केले. सप्टेंबर १९५१च्या तीन आठवड्यांच्या वर्गात नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचा भौतिकशास्त्राचा एक विद्यार्थी आला, एड्सखर डाइक्स्ट्रा. चांगला भौतिकशास्त्रज्ञ व्हायचं आणि त्यासाठी कॉम्प्युटर वापरायला शिकायचं, एवढाच बेत होता.

पण १९५२मध्ये त्यांना अॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमरचं काम मिळालं आणि पुढची तीन वर्षं मन दोन्हीकडे ओढलं गेलं. प्रोग्रॅमिंगला तेव्हा स्वतंत्र विद्याशाखा म्हणून कुणी मानत नव्हतं. शेवटी केंद्रातले वरिष्ठ आद्रियान फान वाइनखार्डन यांच्याशी मोकळेपणाने बोलल्यावर त्यांनी निर्णय घेतला: हाती घेतलेलं भौतिकशास्त्राचं शिक्षण पूर्ण करायचं आणि मग प्रोग्रॅमिंगकडे वळायचं. सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची त्यांची पद्धत आज कॉम्प्युटर सायन्सच्या प्रत्येक अभ्यासक्रमात असते.

यातून उद्दिष्ट ठरवणं फुकट असतं असा अर्थ काढू नका. डाइक्स्ट्रा काहीतरी ठरवून गेले होते, म्हणूनच आपण त्यापासून दूर जातोय हे त्यांना कळलं. शिवाय हा निर्णय त्यांनी वर्गातल्या उत्साहाच्या भरात घेतला नाही. काही वर्षं काम करून, जाणत्या माणसाशी बोलून घेतला.

‘बूटकॅम्प’ हा शब्द आला आणि अपेक्षा बदलल्या

बूटकॅम्प म्हणजे मूळचं अमेरिकी सैन्यातलं भरतीनंतरचं कडक प्रशिक्षण. २०१२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘डेव्ह बूटकॅम्प’ सुरू झालं आणि हा शब्द कोडिंगला चिकटला. त्यातलं आश्वासन नवीन होतं: काही आठवडे या, वेब डेव्हलपर होऊन नोकरीला लागा. तशा नोकऱ्या अनेकांना लागल्याही. पण फी आणि खर्चाचं गणित अवघड निघालं आणि २०१७मध्ये ही संस्था बंद झाली.

त्याआधी, १९९८मध्येच, लॉस अॅलामॉस प्रयोगशाळेत ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ नावाचं शिक्षण सुरू केलं होतं. सुरुवातीला ते आठवडाभराचं होतं, पुढे दोन दिवसांच्या कार्यशाळा झाल्या. इथे शास्त्रज्ञाला डेव्हलपर करायचं नव्हतं. त्याचं रोजचं संशोधनाचं काम कमी वेळात आणि कमी त्रासात व्हावं, एवढाच हेतू होता.

दोन्ही ठिकाणी पायथन शिकायला मिळू शकतं, पण आश्वासनं पूर्ण वेगळी आहेत. नोकरीसाठी बांधलेल्या कोर्सला संशोधनाची अपेक्षा घेऊन गेलात तर निम्मा वेळ वेबसाइट बनवण्यात जाईल. उलट संशोधनाच्या कार्यशाळेतून नोकरीची अपेक्षा धरली तर हात रिकामेच राहतील.

फी भरण्याआधी एक पान लिहा

वरच्या इतिहासातून मी चार ओळी काढल्या आहेत. त्या वहीत लिहूनच काढा, नुसत्या मनात ठेवू नका.

एक, माझी ‘बेरीज’ कोणती? उदाहरणार्थ: ‘स्पेक्ट्रोमीटरच्या सगळ्या फाइल्स एकदम वाचून प्रत्येकीचा आलेख आपोआप काढणं.’ असं एक वाक्य जमत नसेल तर आधी गाइडशी किंवा लॅबमधल्या सीनिअरशी बोला.

दोन, जाण्याआधी काय वाचून जाणार? विल्क्स यांचा अहवाल एका रात्रीत झाला. आपण निदान भाषेची प्राथमिक ओळख करून घेऊ शकतो.

तीन, काय शिकणार नाही? वेळ कमी आहे. विल्क्स यांनी वेग सोडला, तुम्ही काय सोडणार ते आधीच लिहा.

चार, कोर्स संपल्यावर महिन्याभराने हे पान पुन्हा कधी वाचणार? तारीख घाला. उद्दिष्ट बदललेलं असेल तर का बदललं, तेही त्याच पानावर लिहा.

पहिली ओळ लिहायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो, तेव्हा सुरुवात तिथूनच करा. ती लिहून झाली की पायथन की आर, हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. आणि ती लिहिताच आली नाही, तर फी भरायची घाई करू नका.