प्रवेशपरीक्षा आणि व्याकरण

आपल्या इकडील अनेक घरांतील मुलें हल्लीं पदवीच्या शिक्षणासाठीं अमेरिकेंत जातात, आणि त्यांपैकीं पुष्कळांना तिकडील एस्. ए. टी. ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. या परीक्षेंत इंग्रजी व्याकरणावर बरेच प्रश्न असल्यामुळें नियमांचीं जाडजूड पुस्तकें घरांत येतात व पाठांतर सुरू होतें. या श्रमांचें फळ कितपत मिळतें, हें ठरविण्यापूर्वीं तिकडील प्रवेशपरीक्षांत व्याकरण शिरलें कसें, हें पाहणें उद्बोधक होईल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेंतील महाविद्यालयांत प्रवेश मिळविण्यास लॅटिन, ग्रीक आणि गणित यांचेंच ज्ञान मुख्यतः लागे. इंग्रजी ही मुलांची घरची भाषा. तिची परीक्षा ती काय घ्यावयाची, अशीच समजूत असे. १८७४ सालीं हार्वर्ड येथें उमेदवारांकडून एक छोटासा इंग्रजी निबंध लिहून घेण्यास प्रारंभ झाला. शेक्सपिअर, गोल्डस्मिथ, स्कॉट यांचे नेमलेले ग्रंथ वाचून त्यांवर लिहावयाचें, आणि परीक्षकांनीं शुद्धलेखन, विरामचिन्हें, व्याकरण व मांडणी तपासावयाचीं, अशी ही योजना होती. १८७९ सालीं या परीक्षेंत जवळजवळ निम्मे उमेदवार नापास झाले. घरची भाषा बोलतां येणें निराळें आणि ती लिहितां येणें निराळें, हें त्या निकालानें उघड झालें. पुढें १८८५ सालीं हार्वर्डनें निबंधलेखन पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस सक्तीचें केलें.

प्रत्येक महाविद्यालयाची परीक्षा निराळी, यामुळें शाळांची मोठी ओढाताण होई. ती टाळण्याकरितां १९०० सालीं एक सामायिक परीक्षामंडळ स्थापन झालें व १९०१ सालीं त्याच्या पहिल्या परीक्षेस ९७३ उमेदवार बसले. तेव्हांहि उत्तरें सविस्तर लिहावयाचीं असत. परंतु २३ जून १९२६ रोजीं याच मंडळानें घेतलेली पहिली एस्. ए. टी. अगदीं निराळ्या वळणाची होती. ८,०४० उमेदवारांपुढें ३१५ प्रश्न ठेवण्यांत आले आणि त्यांना वेळ मिळाला ९७ मिनिटें! निबंधाचें तींत नांवहि नव्हतें. मात्र एका कृत्रिम भाषेचे शब्द व नियम देऊन त्यांवर प्रश्न विचारले होते.

इंग्रजी लेखनशुद्धीचा प्रश्न एस्. ए. टी.च्या जोडीला १९७४ सालीं पुन्हां आला. अर्ध्या तासांत ५० प्रश्न. प्रत्येकांत चूक ओळखावयाची किंवा बरोबर पर्याय निवडावयाचा. त्याच वर्षीं महाविद्यालयीन लेखनशिक्षकांच्या परिषदेनें विद्यार्थ्यांचा स्वतःच्या बोलीवरील हक्क मान्य करणारा ठराव केला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. ज्याच्या घरीं पुस्तकी इंग्रजी बोलली जाते त्याला चूक कानाला खटकते. इतरांस तीच कष्टानें शिकावी लागते, ही या परीक्षेंतील मूळची विषमता आहे. २००५ सालीं निबंध एस्. ए. टी.त समाविष्ट झाला, २०१६ सालीं तो ऐच्छिक झाला आणि २०२१ सालीं बहुतेक ठिकाणीं बंद पडला. चूक ओळखण्याचे प्रश्न मात्र टिकले.

एवंच, जी परीक्षा लिहितां येतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं सुरू झाली, ती आज लिहिलेलें पारखतां येतें कीं नाहीं एवढेंच पाहते. विद्यार्थीहि मग तेवढ्याचीच तयारी करतो, आणि येथेंच घोटाळा होतो. १९६३ सालीं अमेरिकेंतील तीन अभ्यासकांनीं तोंवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन सांगितलें कीं, नुसतें औपचारिक व्याकरण शिकवून लेखन सुधारत नाहीं. उलट लेखनाच्या सरावाचा वेळ मात्र जातो. १९७३ सालीं फ्रँक ओ'हेअर यांनीं सातव्या इयत्तेच्या मुलांवरील आपला प्रयोग प्रसिद्ध केला. व्याकरणाच्या संज्ञा न शिकवतां लहान वाक्यें जोडून मोठीं करण्याचा सराव दिलेल्या मुलांचें लेखन इतरांपेक्षां सरस ठरलें. २००७ सालच्या आणखी एका आढाव्यानेंहि वाक्यें जोडण्याच्या सरावास अनुकूल कौल दिला.

एक उदाहरण पुरे होईल. दोन स्वतंत्र वाक्यें नुसत्या स्वल्पविरामानें जोडणें ही इंग्रजींत चूक समजली जाते व परीक्षेंत ती हटकून विचारतात. हा नियम दहा वेळां घोकणाऱ्यापेक्षां, तींच दोन वाक्यें एकदां पूर्णविरामानें तोडून, एकदां अर्धविरामानें, एकदां उभयान्वयी अव्ययानें आणि एकदां एकास दुसऱ्याचें गौण वाक्य करून लिहिणाऱ्याला ती चूक लौकर दिसते. कारण वाक्य कोठें संपतें, हें त्यानें स्वतः ठरविलेलें असतें.

नियमांचें पुस्तक टाकून द्यावें, असा याचा अर्थ नव्हे. कर्ता व क्रियापद यांचा मेळ, सर्वनामाचा रोख, विरामचिन्हांचा उपयोग हे मोजके विषय समजून घेतलेच पाहिजेत. परंतु पालकांनीं मुलाला रोज किती नियम पाठ झाले हें विचारण्याऐवजीं, आज काय वाचलें व त्यावर चार वाक्यें कोणतीं लिहिलीं, हें विचारावें. परीक्षेंतील गुण त्यानें वाढतीलच. आणि परीक्षेनें जें मागणें सोडून दिलें, तें लिहिण्याचें सामर्थ्यहि मुलाच्या पदरीं पडेल.