नीरम: मागच्या वजनाची गोष्ट

गेल्या शनिवारी आगाशीला काकांकडे गेलो होतो. काकांनी वाडीसाठी छोटा ट्रॅक्टर घेतलाय आणि शेणखत-माती उचलायला पुढे बकेट बसवून घेतलीय. बकेट भरली की मागची चाकं हलकी होतात आणि गाडी पुढे डुलते. काकांचा उपाय तयार होता, "अरे, मागे दोन पोरं उभी कर की!"

उपाय तसा जुनाच. लहानपणी मीही असं वजन होतो! चिखलणीनंतर खाचर सपाट करायला बैलांमागे फळी फिरायची, तिच्यावर आम्हा पोरांना बसवायचे. देशावर कुळवावर दगड ठेवतात.

आणि आगाशीला तर हे शास्त्र फार आधीपासून ठाऊक असणार. १६ व्या शतकात इथे मोठी जहाजबांधणी चालायची. १५३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी गाव जाळलं, ते काही उगाच नाही. रिकामं जहाज कलंडू नये म्हणून तळाशी दगड, वाळू भरतात. त्याला मराठीत छान शब्द आहे, नीरम.

ट्रॅक्टरवाल्यांना मात्र हे रक्त सांडून शिकावं लागलं. १९१७ मध्ये आलेला फोर्डसन हलका आणि स्वस्त होता. पण नांगर दगडात अडकला की पुढची चाकं उचलली जायची आणि ट्रॅक्टर मागे उलटायचा, चालकासकट. हॅरी फर्ग्युसन या आयरिश मेकॅनिकने नांगर मागे ओढत नेण्याऐवजी तीन ठिकाणी ट्रॅक्टरलाच जोडला. नांगराचा भार मागच्या चाकांवर आला, पकड वाढली आणि उलटण्याचा धोका बराच कमी झाला. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसनमुळे ही जोडणी जगभर गेली. आपल्याकडे १९६३ मध्ये महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली, कारखाना आपल्या कांदिवलीत! काकांच्या ट्रॅक्टरमागेही तेच तीन सांधे आहेत.

मग म्हटलं, तिथेच वजन लटकवू. टायरमध्ये पाणी भरूनही वजन वाढतं, पण आसाच्या मागे लटकलेलं वजन तरफेसारखं काम करतं. मागची चाकं दाबतं आणि पुढच्या आसावरचा भारही कमी करतं.

काका २०० लिटरचा अख्खा ड्रम काँक्रीटने भरायला निघाले होते. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो, म्हणजे ४८० किलो! ट्रॅक्टर जेमतेम ८०० चा. बकेट रिकामी असताना स्टीअरिंगच हलकं झालं असतं. अर्धा ड्रम भरला, २४० किलो. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतल्या उचलक्षमतेत आरामात बसतं. आडवी सळई आणि वरचा सांधा गावातल्या वेल्डरकडून करून घेतला.

दोन पोरांचं वजन फार तर ६० किलो. शिवाय पोरं घसरतात, आणि खाली चाक असतं. हे मात्र काकांना गणिताशिवाय पटलं.

सध्या ड्रमला रोज पाणी मारणं चालू आहे. चालवून बघितला की पुढच्या वेळी सांगतो.