तिबेटी राखणदाराची किंमत

तिबेटच्या पठारावर याक व मेंढ्या घेऊन हिंडणाऱ्या पशुपालकांच्या तंबूपाशीं एक धिप्पाड, केसाळ कुत्रा बांधलेला असे. तिबेटी भाषेंत त्याला ‘दोख्यी’, म्हणजे ‘बांधलेला कुत्रा’, म्हणतात. दिवसा दावें, रात्रीं मोकळीक आणि लांडग्यांपासून कळपाची राखण, हा त्याचा क्रम. पोटापुरतें अन्न एवढाच मालकाला त्याचा खर्च. युरोपियन लोकांनीं त्याला ‘मास्टिफ’ हें नांव दिलें. इ. स. १८४७ मध्यें गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंज यांनीं हिंदुस्थानांतून व्हिक्टोरिया राणीकडे असा एक कुत्रा नजराणा म्हणून पाठविला होता.

या राखणदाराला खरा भाव आला तो एकविसाव्या शतकांत, चीनमधील नवश्रीमंतांमुळें. बहुतेक जातींची कुत्री वर्षांतून दोनदां माजावर येते, ही एकदांच. त्यामुळें पिलें थोडीं आणि गिऱ्हाइकें फार. इ. स. २०११ मध्यें छिंगताव येथील एका व्यापाऱ्यानें अकरा महिन्यांचें तांबूस पिलूं एका कोळसा-सम्राटाला १ कोटी युआनांस विकलें. त्या वेळच्या भावानें हे सुमारें पावणेसात कोटी रुपये होत! पिलाच्या आहारांत कोंबडी व गोमांस तर होतेंच, शिवाय महागडे समुद्रजीवही असत. २०१४ सालीं हांगचौच्या प्रदर्शनांत सोनेरी केसांच्या एका पिलाला १ कोटी २० लक्ष युआन मिळाल्याचें प्रसिद्ध झालें. त्याच्या अंगांत सिंहाचें रक्त आहे, असें विकणारा सांगत होता. असले सौदे भाव चढविण्यासाठीं संगनमतानें होत, अशी शंका त्याच वेळीं घेतली गेली. ती अगदींच निराधार म्हणवत नाहीं. सिंहाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगावयाचें: २०१३ सालीं हेनान प्रांतांतील लुओहे येथील प्राणिसंग्रहालयांत सिंहाच्या पिंजऱ्यांत हाच कुत्रा ठेवला होता. तो भुंकला आणि बिंग फुटलें.

विकत घेणें एक, बाळगणें दुसरें. बीजिंगमध्यें १९९५ च्या नियमान्वयें कुत्र्याच्या नोंदणीस पहिल्या वर्षीं ५,००० युआन व पुढें दरसाल २,००० युआन पडत. २००३ सालीं हे आंकडे १,००० व ५०० वर आले. परंतु शहराच्या मुख्य भागांत ३५ सेंटिमीटरांहून उंच कुत्रा पाळण्यास मनाई होती. दोख्यी त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच. तेव्हां कोट्यधीशालाही तेथें तो कायदेशीरपणें पाळतां येत नव्हता.

मग पैदास बेसुमार वाढली, संकरानें जात बिघडली, आणि हौसही ओसरली. २०१५ च्या सुमारास बीजिंगजवळ प्राणिमित्रांनीं कत्तलखान्याकडे निघालेला एक ट्रक अडविला. त्यांत कोंबलेल्या कुत्र्यांत वीसेक तिबेटी मास्टिफ होते. कत्तलखान्यांत दर कुत्र्यामागें फार तर पांच डॉलर, म्हणजे सुमारें तीनशें रुपये, येणार होते.

पठारावरच्या पैदासकारांनाही कुत्रे पोसणें परवडेना. त्यांनीं ते सोडून दिले. कांहीं बौद्ध मठांनीं त्यांतल्या कित्येकांना अन्न घातलें. उरलेले टोळ्या करून रानोमाळ हिंडूं लागले, आणि ज्या कळपांची त्यांच्या पूर्वजांनीं राखण केली होती त्यांवरच हल्ले करूं लागले.