मनोरुग्णालयातून समाजाकडे : कायद्याच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

भारतातील मनोरुग्णविषयक कायद्यांचा इतिहास हा बहुतांशी रुग्णाला आत कसे घ्यावे याचा इतिहास आहे. त्याला बाहेर कसे न्यावे, हा प्रश्न त्यात फार उशिरा अवतरला. १९१२ च्या ‘इंडियन लूनसी ॲक्ट’चा भर दाखल करण्याच्या रीतीवर व समाजाच्या सुरक्षिततेवर होता. त्याची जागा घेणारा १९८७ चा कायदा १९९३ मध्ये अमलात आला. परंतु सुटका झालेल्या माणसाने कोठे जावे, याविषयी तोही जवळजवळ मूकच राहिला.

वेगळी वाट दाखविणारा प्रयोग कायद्याच्या चौकटीबाहेर झाला. १९५० च्या दशकात अमृतसर येथील मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारातच तंबूंमध्ये रुग्णासमवेत राहू दिले. उपचार जवळून पाहिलेले कुटुंब रुग्णाला घरी नेण्यास फारसे कचरत नाही, यावर ही पद्धत उभी होती. तिची मर्यादाही यातच होती. ज्याला कुटुंबाने टाकले, त्याच्यासाठी तंबूत कोण येऊन राहणार?

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे खासगी निवासाला आग लागून साखळदंडांनी जखडलेले २५ हून अधिक मनोरुग्ण मृत्यू पावले. ते रुग्णालयाबाहेर होते, तरी समाजात नव्हते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १९ या पार्श्वभूमीवर वाचावयास हवे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही, घर नाही अथवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणास्तव कोणासही मानसिक आरोग्य आस्थापनेत ठेवता येणार नाही, असे ते सांगते. हाफ-वे होम, समूहगृहे यांसारख्या सोयींची जबाबदारी ते शासनावर टाकते. मात्र त्यासाठी ‘वाजवी कालावधी’ एवढीच सैल मुदत घालते. प्रस्तुत लेखकाच्या मते कलमाचे खरे दौर्बल्य येथेच आहे.

पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये असलेल्या महाराष्ट्राने या मुदतीत काय केले? रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या काही व्यक्तींची रवानगी भिक्षेकरी गृहांत व वृद्धाश्रमांत होऊ लागली. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा तत्काळ थांबविण्याचे निर्देश राज्यास दिले. कागदोपत्री हे रुग्ण मुक्त झालेले होते. प्रत्यक्षात, भीक मागणे हाच गुन्हा मानणाऱ्या १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याखालील गृहांत, भीक न मागताच, त्यांना जावे लागले होते.