चढावरचा पिकअप: खानदेशातल्या गिअरविद्येचा इतिहास

जुन्या गाडीला पिकअप नाही, अशी तक्रार आली की दोष सहसा इंजिनाच्या माथी मारला जातो. अश्वशक्ती कमी, वजन जास्त, मग गाडी पळणार कशी, असा सरळ हिशेब मांडतात. तो अपुरा आहे. इंजिनात किती जोर आहे यापेक्षा तो जोर चाकांपर्यंत कोणत्या क्षणी आणि कोणत्या गिअरमधून पोचतो, यावर गाडीची धाव ठरते. याची साक्ष शर्यतीच्या धावपट्टीवर शोधायला नको. जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर ती अधिक ठसठशीत आहे. माझे म्हणणे असे की, या रस्त्यांवर मालमोटारी, एसटी आणि फियाट हाकणाऱ्या पिढ्यांनी गिअर बदलण्याचे जे कसब कमावले, ते खानदेशच्या तांत्रिक इतिहासाचा भाग आहे आणि त्याची नोंद त्याच मानाने व्हायला हवी.

या कसबाला जन्म दिला तो इथल्या भूगोलाने. तापीचे खोरे सपाट आणि काळ्या मातीचे. पण उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे. पूर्वेला भुसावळवरून वऱ्हाडाकडे वाट मोकळी. बाकी बाजूंना खानदेश सोडायचा तर चढ ठरलेला. मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेकडे निघालेली मालमोटार शिरपूर-पळासनेर मागे टाकून सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाटाला भिडते. त्याच रस्त्यावर धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगचा चढ आहे. सुरतेच्या वाटेवर कोंडाईबारी, जळगावहून औरंगाबादकडे जाताना फर्दापूरनंतरचा अजिंठ्याचा घाट, आणि चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट. या शेवटच्या घाटाला ज्याचे नाव आहे त्या जेम्स औट्रमने 1825 साली खानदेशात भिल्ल पलटण उभारली होती. तासन्‌तास सपाटीवर एकाच गिअरमध्ये धावलेली गाडी अचानक चढाला लागते, आणि चालकाची परीक्षा नेमकी तिथे होते.

त्या काळची यंत्रे ही परीक्षा सोपी करत नव्हती. वेगवेगळ्या गतीने फिरणारे दात एकमेकांत बसण्यापूर्वी त्यांची गती जुळवून देणारी सिंक्रोमेश यंत्रणा अमेरिकेत कॅडिलॅकने 1928 साली बाजारात आणली. आपल्याकडे टाटा-मर्सिडीज मालमोटारी 1954 पासून बनू लागल्या, एसटीची पहिली गाडी 1948 साली धावली. पण जड वाहनांच्या गिअरबॉक्समध्ये ही सोय सर्रास यायला पुढे कित्येक वर्षे गेली. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून 1964 मध्ये बाहेर पडलेली आणि 1974 पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली फियाट 1100 घ्या. 1089 सीसीचे इंजिन, सुमारे 40 अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. वरच्या तीन गिअरना सिंक्रोमेश, पहिल्याला नाही. म्हणजे भरल्या गाडीने चढावर दुसऱ्यात दम टाकला, की पहिला गिअर हवा तेव्हाच तो दात विचकणार.

यावरचा उपाय म्हणजे डबल क्लच. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, क्षणभर रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. समजा दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत आहे. त्याच वेगाला पहिल्यात ते सुमारे 2400 घ्यावे लागतील. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्समधला मधला दांडा एकत्र फिरतात, म्हणून रेस देताच त्या दांड्याची गती चढते आणि दात अलगद बसतात. रेस कमी पडली तर खर्र आवाज. जास्त झाली तरी तोच. टॅकोमीटर नसलेल्या गाडीत हा हिशेब कानाने आणि तळपायाने करायचा, तोही चढावर वेग झपाट्याने उतरत असताना. या सगळ्या हालचाली सेकंदा-दीड सेकंदात उरकल्या नाहीत तर गाडी थांबते, आणि भरलेली मालमोटार चढावर पुन्हा हलवणे म्हणजे क्लचप्लेट जाळणे. घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, या नियमाचा अर्थही इथेच उमगतो.

पिकअपचे सूत्रही यातच आहे. वरचा गिअर घाईने टाकला की इंजिनाचे फेरे इतके खाली येतात की ॲक्सिलरेटर तळाला टेकवूनही ते नुसते घुसमटते. आधीच्या गिअरमध्ये थोडे जास्त ताणून मग बदल केला, तर फेरे जोराच्या पट्ट्यातच राहतात. चढ सुरू होण्याआधी, गती हातात असतानाच खालचा गिअर टाकणे हा याच नियमाचा दुसरा भाग. पॉइंटमधले अंतर, इग्निशनचे टायमिंग, कार्ब्युरेटरची सफाई, घसरणारा क्लच, चाकाला चिकटलेले ब्रेक हे सगळे आधी पाहावेच. पण ते नीट झाल्यावर उरलेला फरक हातातला असतो.

यावर पहिला आक्षेप असा की, हे कौशल्य म्हणजे मागासलेल्या यंत्रांची भरपाई होती. बंद बाजारपेठेमुळे जुनीच रचना दशकानुदशके विकली गेली आणि तिचा त्रास चालकाने सोसला. यातला आरोप खरा आहे आणि त्या त्रासाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण गरजेतून आलेली विद्या म्हणून ती खोटी ठरत नाही. अवर्षणाने शिकवलेली पाण्याची काटकसर आपण मागासपणाची खूण मानत नाही. दुसरा आक्षेप: खानदेशात स्पोर्ट्‌स कार होत्याच कुठे? नव्हत्या, पण चेन्नईजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत उतरणाऱ्या गाड्यांतही याच 1100 फियाट असत. तिथला स्पर्धक वळणाआधी फेरे जुळवून खालचा गिअर टाकत असे, तो सेकंद वाचवण्यासाठी. कन्नडच्या घाटातला चालक तेच करी, माल आणि जीव वाचवण्यासाठी. क्रिया एकच, मान मात्र एकालाच मिळाला.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: आता सिंक्रोमेश घरोघरी, स्वयंचलित गिअरही आले, मग हे जपायचे कशाला? कारण सिंक्रोमेश गतीतला फरक घर्षणाने मिटवतो आणि त्या घर्षणात त्याच्या रिंगा झिजतात. फेरे जुळवून टाकलेला गिअर ही झीज वाचवतो. उतारावर योग्य गिअरात इंजिनाने गाडी रोखून धरणे आजही ब्रेक तापण्यापासून वाचवते, आणि बिजासनचा उतार नव्या गाडीलाही सवलत देत नाही. म्हणून एमएच-18 आणि एमएच-19, म्हणजे धुळे आणि जळगावच्या जुन्या चालकांकडून हे ज्ञान टिपून घेणे, ते मोटार प्रशिक्षण शाळांत आणि आयटीआयच्या वर्गांत शिकवणे, हे आजच्या रस्त्यासाठीच करायचे काम आहे. घाट कोणी बांधला याची नोंद गॅझेटिअरमध्ये सापडते. त्या घाटातून खानदेशचा कापूस आणि केळी ज्यांनी सुखरूप वर नेली, त्यांच्या कसबाची नोंद करणे आपल्या पिढीला अजून जमण्यासारखे आहे, आणि ते आपण केले पाहिजे.