काळ्या पाषाणाचा रंग

अंबरनाथचे वालधुनीकाठचे शिलाहारकालीन शिवमंदिर काळ्या पाषाणाचे. तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरात जलरंग शिकणाऱ्यांना रंगमिश्रणाचा उत्तम धडा येथेच मिळतो.

हा पाषाण निव्वळ काळा दिसत नाही. उन्हात तो तपकिरी, तर सावलीत निळसर भासतो. ट्यूबमधला काळा सरसकट वापरल्यास चित्र निर्जीव होते. त्याऐवजी अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना एकत्र करावेत. सिएना नारिंगी छटेचा, म्हणजे निळ्याचा विरोधी. दोघे परस्परांचा तजेला कमी करून जिवंत करडा रंग देतात. निळा वाढवला की सावली, सिएना वाढवला की ऊन. पाणी वाढवले की छटा फिकट होते. पांढऱ्याचे काम कागदच करतो.

हिरव्याला मात्र हाच नियम घातक ठरतो. बदलापूरला उल्हासकाठी पावसाळ्यात दिसणारे कोवळे गवत लेमन यलो आणि प्रशियन ब्लूतून साधते. अल्ट्रामरीनमध्ये तांबूस झाक असल्याने त्याचा हिरवा मंदावतो. तो जुन्या पानांना शोभतो. त्यात आणखी तांबडा मिसळला, की मिश्रण गढूळ होते.

जलरंग वाळल्यावर फिका पडतो आणि चूक झाकणे कठीण असते. म्हणून प्रत्येक मिश्रण आधी कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळू देऊन पाहावे.