दुर्बीण कोणती घ्यावी?

आकाशप्रेमी प्रथम विचारतात, ‘दुर्बीण किती मोठी घ्यावी?’ इतिहास मात्र ती कोण वापरणार, हे आधी पाहावयास सांगतो. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली. तिची २० इंची परावर्ती दुर्बीण तत्कालीन हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती, परंतु प्रा. कावसजी नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त होताच वेधशाळा बंद पडली व दुर्बीण कोडाईकनालला गेली. याउलट जॉन डॉब्सन यांनी लाकडी बैठकीवरील साध्या दुर्बिणी सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर मांडून १९६८ पासून वाटसरूंना आकाश दाखविले. अशी ६ इंची दुर्बीण डोळ्याच्या सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करते आणि हातानेच वळते. एखादे गुरुजी निवृत्त झाले, तरी जी मुलांच्या हाती फिरत राहील, तीच दुर्बीण धारवाडच्या शाळेने घ्यावी.